बिनतारी माउस : डोळा एकीकडे, हात दुसरीकडे

विणकर मागावर बसला म्हणजे त्याची दृष्टी कापडावर खिळलेली असते. हात धोट्याची दोरी ओढीत असतो, पाय मागाखालच्या फळ्या दाबीत असतात. पण तो हाताकडे पाहत नाही की पायाकडे पाहत नाही. हातापायांनी केलेले काम बरोबर झाले की चुकले, हे त्याला समोर उमटणाऱ्या विणीवरून कळते. आपल्या बऱ्हाणपुरास हे कौशल्य परके नाही. सतराव्या शतकात येथे आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने येथील तलम आणि सोन्यारुप्याच्या तारांनी विणलेल्या वस्त्रांचे वर्णन करून ठेवले आहे. आज हातमागाची जागा बहुतांशी यंत्रमागाने घेतली असली, तरी डोळा एकीकडे आणि हात दुसरीकडे ठेवून काम करण्याची ही विद्या मात्र जुनी झालेली नाही. संगणकाच्या युगात ती एका नव्या रूपाने आपल्या विद्यार्थ्यांपुढे उभी राहिली आहे. ते रूप म्हणजे माउस.

हा विषय आज मांडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, लॅपटॉप आता आपल्या घरांत येऊ लागला आहे. मध्य प्रदेश शासनाच्या प्रतिभाशाली विद्यार्थी प्रोत्साहन योजनेखाली २०२५ मध्ये राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देण्यात आले. ज्या घरात पूर्वी कधी संगणक नव्हता, तेथे अशा योजनेमुळे पहिला संगणक येतो तो लॅपटॉपच्या रूपाने. आणि लॅपटॉपबरोबर माउस क्वचितच येतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी जेईई मुख्य परीक्षा २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्थेमार्फत संगणकावर होऊ लागली. या परीक्षेत उत्तर निवडणे, ते नोंदविणे, पुढच्या प्रश्नाकडे जाणे ही सारी कामे माउसनेच करावयाची असतात. संख्येत उत्तर द्यावयाचे असेल, तर तेही पडद्यावर उमटलेल्या अंकपट्टीवर माउसने टिचक्या मारून द्यावे लागते. कळफलकाला हात लावावयाचा नसतो. ज्याने आयुष्यात केवळ मोबाइल हाताळला, त्याने प्रथमच माउस हाती धरावा तो परीक्षागृहात, ही गोष्ट कोणत्याही गुणी विद्यार्थ्याच्या वाट्यास येऊ नये.

मोबाइल आणि माउस यांतील भेद येथे नीट ध्यानी घेतला पाहिजे. मोबाइलवर बोट आणि दृष्टी एकाच जागी असतात. जे दिसते त्यालाच आपण स्पर्श करतो. माउसचे तसे नाही. हात मेजावर हलतो आणि परिणाम समोरच्या पडद्यावर दिसतो. नवशिका माणूस म्हणूनच वारंवार खाली हाताकडे पाहतो, मग वर पडद्याकडे पाहतो, आणि तेवढ्यात पडद्यावरील बाण कोठे गेला हे शोधू लागतो. बुद्धी कमी म्हणून हे घडत नाही. हातास सवय नाही म्हणून घडते. सवय ही वस्तू पुस्तकातून मिळत नाही. ती विणकराप्रमाणे बसूनच मिळवावी लागते.

आता या यंत्राचा जन्म कसा झाला ते पाहू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत डग्लस एंगेलबार्ट नावाचे संशोधक काम करीत होते. मनुष्याने संगणकाशी अधिक सहजतेने व्यवहार कसा करावा, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. त्यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माउस तयार केला. तो लाकडी ठोकळ्याचा होता. त्याच्या तळाशी एकमेकांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. एक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या परिषदेत एंगेलबार्ट यांनी या उपकरणाचे जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविले आणि १९७० मध्ये त्यास पेटंट मिळाले. पेटंटात त्याचे नाव भारदस्त होते. पण ठोकळ्यातून निघालेली तार शेपटीसारखी दिसे म्हणून प्रयोगशाळेतील मंडळी त्यास उंदीर म्हणू लागली आणि तेच नाव जगभर रूढ झाले. ज्या देशात मूषक हे साक्षात विद्येच्या देवतेचे वाहन मानले जाते, तेथील विद्यार्थ्यांना या नावाचे नवल वाटण्याचे कारण नाही.

पुढे चाकांच्या जागी तळाशी गोळी आली. १९८४ मध्ये ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश संगणक बाजारात आला, तेव्हापासून माउस सामान्य माणसाच्या मेजावर दिसू लागला. परंतु संगणक जसजसा लहान होऊन प्रवासास निघाला, तसतशी माउसची अडचण वाटू लागली. गाडीत वा मांडीवर माउस फिरविणार कोठे? म्हणून १९९० नंतरच्या वर्षांत लॅपटॉपच्या अंगातच सोय करण्यात आली. कोणी कळफलकाजवळ फिरती गोळी बसविली, कोणी कळांच्या मधोमध एक लहानशी गुंडी बसविली. आणि शेवटी बोट फिरविण्याची चौकोनी पट्टी, म्हणजे टचपॅड, सर्वत्र स्थिरावली. ही पट्टी कामाची आहे यात शंका नाही. परंतु चित्र काढणे, नकाशावर नेमकी जागा दाखविणे, तक्त्यातील अनेक रकाने निवडणे अशा कामांत बोटापेक्षा सबंध हाताची हालचाल अधिक अचूक ठरते. म्हणून लॅपटॉप बाळगणारे बरेच लोक पिशवीत एक छोटा बिनतारी माउसही ठेवतात. प्रवासासाठी बनविलेला माउस तो हाच.

हा माउस पाहतो कसा? त्याच्या तळाशी एक लहानसे छिद्र असते. आत एक बारीक दिवा असतो. तो पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाकतो. तिन्हीसांजेच्या तिरप्या उन्हात जमिनीवरचा लहानसा खडाही लांब सावली टाकतो. तद्वत या तिरप्या प्रकाशात मेजाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचसखलपणा उठून दिसतो. दिव्याशेजारी एक अतिलहान कॅमेरा असतो. तो काही शे ठिपक्यांचे एक चित्र घेतो, लागलीच दुसरे घेतो, मग तिसरे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने बाजारात आणलेला प्रकाशीय माउस सेकंदास १,५०० चित्रे घेई. आजचे अनेक माउस याहूनही अधिक घेतात. आतील गणनायंत्र लागोपाठच्या दोन चित्रांची तुलना करते. पहिल्या चित्रातील खूण दुसऱ्यात किती ठिपके सरकली, डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, एवढे कळले की हात किती हलला हे कळले. ही संख्याच तो संगणकाकडे पाठवितो.

यावरून एक उपयुक्त गणित करता येते. माउसच्या खोक्यावर १,००० असा काही आकडा आणि त्यापुढे डीपीआय असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा की, माउस एक इंच सरकविला तर तो १,००० पावले मोजतो. लॅपटॉपचा पडदा १,९२० ठिपके रुंद असेल आणि एका पावलास बाण एक ठिपका सरकत असेल, तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास १.९२ इंच, म्हणजे सुमारे ४.९ सेंटिमीटर एवढीच हालचाल पुरे. म्हणून प्रवासी माउसला मोठी जागा लागत नाही; एका वहीच्या मलपृष्ठावर काम भागते. आकडा जितका मोठा तितका माउस चांगला, ही समजूत मात्र बरोबर नव्हे. आकडा वाढला की हाताच्या किंचित कंपानेही बाण दूर पळतो. नवशिक्याने गती बेताची ठेवावी हे श्रेयस्कर.

माउस पृष्ठभागाच्या खुणा पाहून चालतो हे एकदा समजले, की त्याच्या पुष्कळशा खोड्या आपोआप उलगडतात. स्वच्छ काचेवर खुणाच नसतात, म्हणून सामान्य माउस तेथे आंधळा होतो. आरशासारख्या चकचकीत फरशीवर प्रकाश भलतीकडेच परावर्तित होतो. अशा वेळी खाली कोरा कागद, पुठ्ठा किंवा साधी वही ठेवावी; विशेष पट्टी विकत घेण्याची गरज नाही. आपल्या गावी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. यंत्रमागाच्या परिसरात कापसाचे बारीक तंतू हवेत उडत असतात. असा एखादा तंतू तळाच्या छिद्रात अडकला, तर कॅमेऱ्यापुढे तो सदैव उभा राहतो आणि हात हलला तरी बाण थरथरतो किंवा अडखळतो. पुष्कळजण माउस बिघडला असे समजून टाकून देतात. वस्तुतः माउस बंद करून कोरड्या मऊ ब्रशने वा हलक्या फुंकरीने तो तंतू काढला की काम होते. छिद्रात पाणी वा ओले फडके घालू नये.

दुसरा प्रश्न : तार नसता हा बोलतो कसा? बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात भारताचे स्थान मानाचे आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यास विद्युत्-चुंबकीय लहरी भिंतीपार पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. आपला माउस त्याच जातीच्या लहरींचा उपयोग करतो. त्यांची कंपनसंख्या सेकंदास सुमारे २४० कोटी असते, तिला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. प्रकाशाच्या वेगास या संख्येने भागले असता लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर येते, म्हणजे साधारण अर्ध्या वितीएवढी. एके काळी घरातील रेडिओसाठीदेखील टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. भारत सरकारने २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, म्हणूनच आपण असा माउस निर्वेधपणे वापरू शकतो.

असे माउस मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. पहिल्या प्रकारात माउसबरोबर नखाएवढा रिसीव्हर येतो. तो लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत बसवावयाचा असतो. तो बसविताच माउस चालू लागतो, वेगळी जुळवणी करावी लागत नाही. उणीव एवढीच की, हा रिसीव्हर हरवला तर बहुधा माउसही निरुपयोगी होतो, कारण दोघांची ओळख कारखान्यातच करून दिलेली असते. म्हणून प्रवासी माउसच्या तळाशी किंवा सेलच्या झाकणाखाली रिसीव्हर ठेवण्याची खाच असते. काम संपताच तो तेथे ठेवण्याची सवय लावून घ्यावी. दुसरा प्रकार ब्लूटूथचा. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या टोपणनावावरून हे नाव पडले आहे. त्या राजाने विखुरलेले लोक एकत्र आणले, तशी ही पद्धत निरनिराळी उपकरणे जोडते, असा त्यातील भाव. यात रिसीव्हर लागत नाही आणि यूएसबी खाच मोकळी राहते. मात्र प्रथम एकदा लॅपटॉपच्या मांडणीत जाऊन दोघांची गाठ घालून द्यावी लागते, आणि लॅपटॉपमध्ये ब्लूटूथची सोय असावी लागते.

हा परवानामुक्त पट्टा सर्वांना मोकळा असल्यामुळे तेथे गर्दीही असते. घरातील वायफाय बहुधा याच पट्ट्यात बोलते, आणि मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरीही याच सुमारास असतात. सर्वांत फसवी अडचण मात्र लॅपटॉपच्या अंगाशीच असते. जलद गतीच्या यूएसबी खाचा, ज्यांच्या आतील पट्टी पुष्कळदा निळी असते, तेथे पेनड्राइव्ह वा हार्ड डिस्क लावून काम चालू केले की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत् गोंगाट निर्माण होतो. शेजारच्याच खाचेत माउसचा रिसीव्हर असेल तर बाण झटके देत चालतो. उपाय सोपा आहे : रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावावा.

सुरक्षिततेचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही बिनतारी माउसांचे रिसीव्हर कोणताही संदेश नीट पडताळणी न करता स्वीकारतात आणि त्यामुळे दुरून परका मनुष्य संगणकास आज्ञा देऊ शकतो, हे संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर काही निर्मात्यांनी सुधारणा केल्या. विद्यार्थ्याने याची धास्ती घ्यावी असे नव्हे. परंतु निर्मात्याचे नावच नसलेला, मिळेल तो माउस घेण्यापूर्वी विचार करावा.

तारेतून येणारी वीज नसल्यामुळे या माउसला स्वतःची शिदोरी बाळगावी लागते. पुष्कळांत एक पेन्सिल सेल पुरतो; काटकसरीने वापरला तर काही महिने सहज जातात. काम थांबले की माउस आपोआप झोपी जातो आणि हलविला की जागा होतो. पण पिशवीत तो सारखा हलतो, दाबला जातो, पुनःपुन्हा जागा होतो आणि सेल व्यर्थ संपतो. म्हणून प्रवासास निघताना तळाचा खटका बंद करावा. उन्हाळ्याच्या सुटीत माउस महिना-दोन महिने पडून राहणार असेल, तर सेल काढून ठेवावा. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात बंद पेटीत पडलेला जुना सेल पाझरू लागतो आणि आतील धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो. संपलेला सेल उकिरड्यावर टाकू नये. बॅटरीच्या कचऱ्याविषयी २०२२ चे नियम केंद्र शासनाने केले आहेत, त्यांत वापरलेले सेल वेगळे गोळा करणे अपेक्षित आहे.

प्रवासी माउस लहान असतो, आणि हाच त्याचा गुण तसा दोषही आहे. तो तळहातास पुरेसा टेकू देत नाही. बोटे आखडून धरावी लागतात. अर्धा-पाऊण तासाच्या कामास तो उत्तम, परंतु रोज तासन् तास काम असेल तर हातभर मावणारा मोठा माउस बरा. मनगट वाकडे न ठेवता कोपराच्या सरळ रेषेत ठेवावे आणि माउस कळफलकाच्याच उंचीवर असावा. आपल्या अनेक घरांत मेज-खुर्ची नसते. सतरंजीवर बसून पाटावर लॅपटॉप ठेवला जातो. तेव्हा माउसही जमिनीवर न ठेवता पाटावरच, वा तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांच्या चळतीवर ठेवावा. डावखुऱ्या मुलांनी दोन्ही बाजूंनी सारखा असणारा माउस घ्यावा आणि संगणकाच्या मांडणीत डाव्या-उजव्या खटक्यांची अदलाबदल करून घ्यावी. परीक्षागृहात मात्र माउस केंद्राचाच असतो आणि तेथे अशी अदलाबदल मिळेलच असे नाही. तेव्हा त्यांनी उजव्या मांडणीचाही थोडा सराव ठेवावा.

भुसावळहून पुण्याकडे वा खंडव्याहून इंदूरकडे जाताना गाडीत माउस चालेल काय, असे विद्यार्थी विचारतात. माउस आपली आणि पृष्ठभागाची परस्परसापेक्ष हालचालच मोजतो. गाडीबरोबर मेज आणि माउस दोन्ही एकत्र हादरले तर बाण हलण्याचे कारण नाही. पण आपला हात वेगळा हादरतो, आणि बाण पळतो तो त्यामुळे. धावत्या गाडीत म्हणून टचपॅडच बरा, आणि माउस वसतिगृहाच्या खोलीसाठी राखावा.

आता परीक्षेचा हिशेब मांडून पाहू. जेईई मुख्य परीक्षेच्या २०२५ मधील रचनेनुसार ३ तासांत ७५ प्रश्न सोडवावयाचे असतात, म्हणजे प्रत्येकास २ मिनिटे २४ सेकंद. बाण शोधण्यात, चुकीच्या गोलावर पडलेली टिचकी दुरुस्त करण्यात प्रत्येक प्रश्नामागे केवळ ५ सेकंद गेले, तर एकूण ३७५ सेकंद, म्हणजे ६ मिनिटे १५ सेकंद वाया गेले. एवढ्या वेळात दोन प्रश्न पुरते सोडवून तिसऱ्याचा मध्य गाठता आला असता. जेथे एका गुणाने क्रमांक शेकड्यांनी खाली जातो, तेथे ही हानी लहान नव्हे. आणि ती विषय न आल्यामुळे झालेली नसते, हे अधिक दुःखाचे.

ही हानी टाळण्यास फार खर्च येत नाही. बिनतारी माउस परवडत नसेल तर तारेचा माउस त्याहून स्वस्त मिळतो. हाताची विद्या दोन्हींवर एकच आहे. लॅपटॉप नसेल तर शाळेच्या संगणककक्षात बसावे. महिनाभर रोज पंधरा मिनिटे पुरे. प्रथम हाताकडे न पाहता बाण पडद्याच्या चारही कोपऱ्यांत नेऊन आणावा. मग लहान चौकोनांवर नेमकी टिचकी मारण्याचा सराव करावा. त्यानंतर पडद्यावरील गणकयंत्र उघडून कळफलकाला स्पर्श न करता केवळ माउसने आकडेमोड करावी. परीक्षेतील अंकपट्टीशी तिचे पुष्कळ साम्य आहे. शेवटी राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या संकेतस्थळावरील सराव परीक्षा घड्याळ लावून पूर्ण सोडवाव्यात.

विद्यार्थिमित्रहो, ज्याच्या घरी संगणक आहे त्याने आपल्या सोबत्यास, ज्याच्या घरी तो नाही त्यास, आठवड्यातून एक संध्याकाळ हा सराव करू द्यावा. छोटा बिनतारी माउस खिशात मावतो, कोणत्याही लॅपटॉपला जोडता येतो आणि या हातातून त्या हातात सहज जातो. त्याच्या या गुणाचा याहून चांगला उपयोग दुसरा कोणता असणार?